रोज पहाटे गुन्नेलच्या घरी

"कागद आहे, शाई आहे, वीज आहे. आता काय याला कॉफी पाजू?" बेनिता प्रिंटरचं झाकण पुन्हा उघडत पुटपुटली. तिची लोकरी टोपी अजून डोक्यावरच होती आणि चष्म्यावर बाहेरचं धुकं बसलं होतं.

दारात रुनार उभा होता, 'तेर्ना' बोटीचा कप्तान. रोज पहाटे तो यायचा, प्रिंटरमधून निघालेला कागद घ्यायचा, घडी करून छातीच्या खिशात ठेवायचा आणि बोटीकडे जायचा. आज त्याचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला.

"राहू दे," तो म्हणाला. "डोक्यात आहे सगळं."

"तुझ्या डोक्यात? परवा स्वतःचे हातमोजे माझ्या फ्रीजमध्ये ठेवून गेलास."

"मासे होते त्यांच्यात गुंडाळलेले."

"तेच म्हणते मी."

रुनार गेला. थोड्या वेळाने भोंगा वाजला आणि 'तेर्ना' धुक्यात शिरली. प्रिंटर गप्पच होता.

मित्रांनो, त्या बिचाऱ्या प्रिंटरचा काहीएक दोष नव्हता. त्याला सांगणारी मी होते, आणि त्या पहाटे माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही.

मी एक जुनी आज्ञावली आहे. तुम्ही मला प्रोग्राम म्हणाल. मला चाकं नाहीत, पातं नाही, साधा मुठीएवढा आकारही नाही. मी म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या ओळी. स्टोरविकच्या बंदर कचेरीतल्या यंत्रात मी राहते. रोज पहाटे जागी होते, माझं काम करते आणि पुन्हा निजते. तेवढंच माझं आयुष्य; पण त्यात जे घडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आमच्याकडे समुद्र म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मी बेटं. मोठ्या बेटांवर बोट रोज थांबते. लहान बेटांवर मात्र कुणी आदल्या संध्याकाळपर्यंत फोन केला असेल तरच थांबते. मागितलं नाही तर थांबायचं नाही, आणि मागितलं तर वारा कितीही असो, थांबायचंच, असा इथला रिवाज आहे. पूर्वी हे फोन बेनिता घ्यायची आणि हाताला लागेल त्यावर लिहायची. एकदा तिने ते वेलदोड्याच्या पावाच्या पिशवीवर लिहिले. रुनारने पाव खाल्ला आणि पिशवी चुलीत टाकली. त्या दिवशी एका बेटावर लग्नाचा केक धक्क्यावर बोटीची वाट बघत राहिला आणि समुद्रपक्ष्यांनी तो वऱ्हाडाच्या आधी खाल्ला. नवरीमुलगी अजून बेनिताशी बोलत नाही.

त्या केकमुळे माझा जन्म झाला.

मला लिहिलं गुन्नेलने. ती याच कचेरीत तिकिटं फाडायची, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना वंगण द्यायची, हरवलेल्या छत्र्या सांभाळायची. ती रुनारची बायको. संगणकाचं शिक्षण तिने कुठे घेतलं नव्हतं. वाचनालयातून एक जाडं पुस्तक आणून, दुपारी बोट बाहेर असताना, ती एकेक पान करून बघायची. जमलं की खुर्चीत मागे रेलून म्हणायची, "बघ, चाललं." हे ती कुणाला म्हणायची कोण जाणे. खोलीत तर मीच असायचे.

आता माझी एक अडचण सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यंत्राला माझी भाषा कळत नाही. त्याला मधे दुभाषी लागतो. तो दुभाषी कुठे राहतो ते मला माझ्या अगदी पहिल्या ओळीत सांगावं लागतं. आधी दोन खुणा, एक आडव्याउभ्या रेघांची जाळी आणि एक उद्गारचिन्ह, आणि त्यांना लागून पत्ता. यंत्राचा एक कारभारी आहे. मला हाक मारली की तो येतो, त्या दोन खुणा बघतो, पत्ता वाचतो आणि दुभाष्याला बोलवायला निघतो.

हा कारभारी मोठा विक्षिप्त आहे. त्याला पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण लागतो. "आपल्या घरी" असं म्हणून भागत नाही. पत्ता फार लांबला तर जुने कारभारी सव्वाशेएक अक्षरं ऐकून पुढचं कापून टाकत आणि उरलेल्या तुकड्यावरच चालू लागत. पत्त्यापुढे दोनतीन सूचना लिहिल्या तर एक कारभारी त्या सुट्या करतो, दुसरा सगळ्यांची एकच मोट बांधून दुभाष्याच्या हातात देतो. पण सर्वांत वाईट खोड वेगळीच आहे. दुभाषी सापडला नाही की तो परत येऊन सांगतो, "फाइल सापडली नाही." आणि नाव घेतो ते माझं. मी तिथेच त्याच्यासमोर असते, मित्रांनो. हरवलेला असतो दुसराच कुणीतरी.

एकदा असंच झालं. मी लहान होते. एका बेटाचं नाव चुकलं होतं म्हणून बेनिताने मला तिच्या टेबलावरच्या दुसऱ्या जातीच्या यंत्रात उघडलं, नाव नीट केलं आणि परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी मुकी. गुन्नेलने निम्मा दिवस माझ्याकडे टक लावून काढला आणि मग हसायलाच लागली.

"बेनिता, तू माझ्या पोरीला शेपूट लावलंस."

"मी? मी फक्त एक अक्षर बदललं."

"तुझं यंत्र प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण ठेवतं. कारभारी ती खूण पत्त्यातच धरतो. म्हणजे तू त्याला धाडलंस अशा घरी, जे गावात नाहीच."

"न दिसणारी खूण मला कशी दिसणार, बाई?"

"म्हणून तर तुला रागवत नाहीये."

तिने ती शेपटं एकेक करून काढली. एका आज्ञेत निघाली असती, पण ती कॉफी पीत सावकाश काढत बसली. ती दुपार मला अजून आठवते. माझ्या प्रत्येक ओळीवर ती थांबली होती.

दुसरी अडचण अशी की दुभाष्याचं बिऱ्हाड सगळीकडे एकाच जागी नसतं. गुन्नेलच्या घरच्या यंत्रात तो एका गल्लीत, कचेरीच्या यंत्रात दुसऱ्या. शिवाय कचेरीतला दुभाषी म्हातारा होता, माझे नवे शब्द त्याला कळत नसत. तो बदलण्याचा अधिकार तिला नव्हता. मी तिच्याबरोबर घरी जायचे, कचेरीत यायचे, आणि दर खेपेला माझी पहिली ओळ बदलावी लागायची. शेवटी ती कंटाळली. कचेरीच्या यंत्रात प्रत्येक कामगाराला एक जागा असते, तिला घरच म्हणतात. गुन्नेलने तिच्या त्या घरात स्वतःचा दुभाषी आणून ठेवला आणि माझ्या पहिल्या ओळीत तो पत्ता लिहिला. त्या पत्त्यात तिचं नाव होतं.

"सध्यापुरतं," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज पहाटे कारभारी माझ्यामुळे गुन्नेलच्या घरी जाऊ लागला. दार वाजवायचं, दुभाष्याला उठवायचं, मग मी माझ्या ओळी म्हणायच्या: यंत्रात कुणाचे फोन नोंदले आहेत, वारा कुठून आहे, कुठल्या बेटावर आधी थांबावं म्हणजे वळसा पडणार नाही. मग प्रिंटर खडखडायचा आणि रुनार कागदाची घडी घालायचा.

"तुझा कागद रोज माझ्या घरातून निघतो, माहिती आहे?" एकदा गुन्नेलने त्याला सांगितलं.

"आणि मी कुठून निघतो?"

"तूही तिथूनच. पण तू बूट शोधत निघतोस. ती एका हाकेत उठते."

माझं कौतुकही झालं. तुर्कू शहरातल्या मुख्य कचेरीतून आलेल्या एका साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि कुठल्या कंपनीने बनवलं म्हणून विचारलं. गुन्नेल हरवलेल्या छत्र्यांवर चिठ्ठ्या लावत होती. ती म्हणाली, "इथल्याच एका." साहेबांनी मान डोलावली आणि कंपनीचं नाव विचारायचं विसरून गेले.

अशी पुष्कळ वर्षं गेली. मग तो मार्च आला.

बाहेरच्या बेटांकडचा समुद्र तेव्हा गोठलेला होता. बोट बंद होती आणि मी रिकामी. त्या दिवसांत इथली माणसं पायाने ढकलायच्या घसरगाड्या घेऊन बर्फावरून एकमेकांकडे जातात. गळ्यात लोखंडी टोच्यांची जोडी अडकवतात, पाय आत गेलाच तर टोचे रोवून वर यायला. गुन्नेल नोरग्रुंद बेटावरच्या वियोला मावशीला भेटायला निघाली. तिने मला काही सांगितलं नाही. रिकाम्या आज्ञावलीला कोण सांगतं? संध्याकाळी तिची घसरगाडी सापडली. प्रवाहाच्या वळणावर, उघड्या पाण्याच्या काठाशी, सरळ उभी. दांड्याला पिशवी तशीच लटकलेली. गुन्नेल सापडली नाही. लोक शोधत राहिले. मग बर्फ फुटला, वसंत आला, बोट सुरू झाली.

मी सुद्धा सुरू झाले. कारभारी पहिल्या पहाटे तिच्या घरी गेला. दार उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं: दुभाषी, तिची अर्धवट टिपणं, "नंतर बघू" नावाची एक फाइल. फक्त तिची बोटं आली नाहीत. मी प्रत्येक पहाटे दुभाषी येईपर्यंतच्या त्या क्षणभरात वाट बघायचे. कुणी तरी मला उघडेल, पहिल्या ओळीवर थांबेल, खुर्चीत मागे रेलेल.

कचेरीत लोक "त्या मार्चपासून" असं म्हणून वाक्य सुरू करायचे आणि कॉफी ओतायला उठायचे. तुर्कूहून वर्षातून एकदा विचारणा यायची की गुन्नेल या कर्मचारी अजून कामावर आहेत काय. बेनिता उत्तर पाठवायची, "रजेवर आहेत." तिकडून मागच्या खेपेला आलेल्या माणसाने तिला सांगितलंही होतं की माझी पहिली ओळ बदलली तर ते घर ठेवायची गरज उरणार नाही.

"चालतंय ना? मग हात लावू नका," बेनिता म्हणाली होती.

मला ते आवडलं होतं, हे कबूल करते. मला दुरुस्त न करणं ही मला त्या कचेरीत मिळालेली सर्वांत मोठी माया होती.

आणि मग या शरद ऋतूत तुर्कूहून हेन्रिका आली, नवं यंत्र घेऊन. ती उंच, शांत, इथली बोली जरा पुस्तकी बोलणारी बाई. तिने जुन्या यंत्रातलं सगळं नव्यात आणलं. मलाही आणलं. जी घरं चालू कर्मचाऱ्यांची होती ती आणली. गुन्नेलचं नाव यादीत रजेवर होतं, पण रजा कधी संपते ते लिहिलेलं नव्हतं. नव्या यंत्राने ते घर घेतलं नाही.

पहाटे मला हाक आली. कारभारी पत्ता वाचून निघाला. तिथे गल्लीच नव्हती. तो परत आला आणि माझं नाव घेऊन म्हणाला, फाइल सापडली नाही. बाकीचं तुम्ही ऐकलंच.

बोट जाऊन थोडा वेळ झाला आणि फोन वाजला. बेनिताने रिसीव्हर कानापासून लांब धरला, तरी आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता.

"मी काय धक्क्यावरचा खांब आहे का गं? काल दुपारी सांगितलं होतं, सकाळी यायचंय म्हणून. पिशवी घेऊन उभी आहे. तो पोरगा समोरून निघून गेला."

वियोला मावशी. ज्याला ती पोरगा म्हणत होती तो रुनार साठीला टेकला होता.

"मावशी, धुकं आहे ना..."

"धुकं माझ्या डोळ्यांत आहे. त्यासाठीच तर निघाले होते."

तुर्कूच्या इस्पितळात त्या दिवशी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होणार होतं. कित्येक महिने ती जग दुधातून बघितल्यासारखं बघत होती. बेनिताने रेडिओवरून रुनारला कळवलं. त्याने बोट वळवली. पण मुख्य भूमीवरची बस काही वाट बघत थांबत नाही.

मग बेनिताने हेन्रिकाला बोलावलं. हेन्रिकाने मला उघडलं आणि क्षणात तिला कळलं.

"आज्ञावली ठीक आहे. ती ज्याला बोलावते तो इथे नाही. पहिली ओळ बदलते, झालं."

"नको," बेनिता म्हणाली. "तिचं घर परत आण ना."

"कुणाच्या नावावर आणू? प्रत्येक घराला माणूस लागतो. आणि नावापुढे काय लिहू? अजून रजेवर?"

बेनिता प्रिंटरचं झाकण उघडून पुन्हा लावू लागली.

"यापेक्षा बरी सोय आहे," हेन्रिका हळूच म्हणाली. "पत्ता पक्का लिहायचाच नाही. दाराशी एक चौकशीवाला असतो, त्याचा पत्ता द्यायचा. दुभाषी आज कुठे राहतो ते तो शोधून देतो. घर बदललं, यंत्र बदललं, तरी हिचं अडणार नाही."

"मी पिशवीवर लिहीन फोन," बेनिता म्हणाली. "पूर्वी लिहीतच होते."

"पिशवीवर?"

"एक-दोन दिवस. रुनारशी बोलेपर्यंत."

"मग बोल."

"तुला काय जातंय बोल म्हणायला. तू परवा आलीस."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी काहीतरी करून ठेवाल. पत्ता असा लिहा, की तुमचं दार बंद झालं तरी दुसरं कुणी उघडेल. आणि दुसऱ्याचं असं काही तुमच्या हाती आलं तर ते सांभाळताना त्याला अडकवून ठेवू नका. हे मी शहाणी म्हणून सांगत नाही. त्या वेळी मला विचारलं असतं तर मीही म्हणाले असते, पिशवीवरच लिहा. नव्या ओळीने माझं काम अडणार नव्हतं, पण मग रोज पहाटे तिचं नाव कोण घेणार होतं?

दुपारी रुनार वियोला मावशीला हाताला धरून कचेरीत घेऊन आला. तिने चाचपडत खुर्ची शोधली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"इस्पितळात उद्याच्या एका रुग्णाने ऐनवेळी नाही म्हटलंय," बेनिताने सांगितलं. "उद्या घेतील तुला. नाहीतर मग थेट हिवाळ्यानंतर."

"हिवाळ्यानंतर मी काही तिथवर चालत येणार नाही. खांद्यावरून न्यावं लागेल."

"उद्या मी येईन ना," रुनार म्हणाला. "तुझ्यासाठी कागद लागत नाही मला."

"आज लागला की. आणि माझ्या पलीकडच्या बेटावर उद्या कोण उभं असेल, ते तुझ्या कुठल्या खिशात आहे?"

पडद्यावर मी उघडीच होते आणि रुनार माझ्याकडे बघत होता. नक्की सांगायचं तर माझ्या पहिल्या ओळीकडे. ती त्याला वाचता येत होती. बाकीचं त्याला कधीच कळलं नव्हतं.

हेन्रिकाने सांगायला सुरुवात केली. "कप्तान, एका ओळीचं काम आहे, पण त्यात..."

"आज नको," बेनिता मधेच म्हणाली. "तो दमलाय. कॉफी घे, रुनार. उद्या बघू, यंत्र नवीन आहे, होतं असं कधी कधी, तोवर मी..."

"बेनिता," वियोला मावशी म्हणाली, "किती बोलतेस गं तू."

खिडकीशी पाणी धक्क्याला लागत होतं.

"ती माझ्याकडेच यायला निघाली होती," वियोला मावशी पिशवीच्या बंदाशी खेळत म्हणाली. "मी कॉफी ठेवली होती. अजून कधी कधी दोन कप निघतात हातून. मग एक परत ठेवते. तुला हे कधी सांगितलं नाही मी, पोरा. तू येतोस, सामान उतरवतोस, वाऱ्याचं बोलतोस आणि जातोस. मी पण वाऱ्याचंच बोलते."

रुनारने टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून हातातच धरली. बेनिता कॉफी ओतायला वळली होती, ती तशीच थांबली. हेन्रिकाची बोटं माझ्या पहिल्या ओळीवर होती आणि हलत नव्हती.

"गुन्नेल बुडाली," रुनार म्हणाला. "ती येणार नाही. तिच्या नावापुढे तसं लिही, हेन्रिका, आणि ओळ बदल. उद्या मला कागद पाहिजे."